सध्या पूर्ण वेळ नोकरीत

दोष काढणं हा माझा धंदा आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जायच्या आधी त्यात काय काय मोडतं ते शोधायचं, याचा मी दहा वर्षं पगार घेतला. त्यामुळे माणसांतले दोषही मला चटकन दिसतात, स्वतःचे सोडून. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे वागले ते काही शोभेसं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये माझी नोकरी गेली. बारा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर आम्हा चौदा जणांना एकदम नारळ दिला, आणि तेराव्या मिनिटाला लॅपटॉपमधून बाहेर काढलं. मग अकरा महिने मी डोंबिवलीच्या घरात बसून नोकरी शोधत होते. सध्याचा बाजार असा आहे की आधी मशीन तुमचा रिझ्युमे वाचतं, मग मशीनच परीक्षा घेतं, आणि त्यातून तरलात तर एक माणूस दिसतो. तो विचारतो, "ये गॅप क्यों है?" जो भेटेल त्याचा सल्ला एकच होता: गॅप झाकून टाक, 'फ्रीलान्सिंग' लिही, सगळेच लिहितात. मी लिहिलं नाही. नोकरी गेली आणि शोधते आहे, असं सरळ लिहिलं. हट्ट म्हणा.

शेवटी मे महिन्यात कोलशेतला एका परदेशी कंपनीच्या सेंटरमध्ये काम मिळालं. म्हणजे काम त्या कंपनीचं, पगार कोपरीतल्या एका स्टाफिंग एजन्सीकडून आणि करार सहा महिन्यांचा. पटलं तर कायम करणार. हल्ली असंच घेतात. पूर्वी अशा नोकरीला मी नाक मुरडलं असतं, पण आता ऑफरचा मेल तीनदा वाचला. सोमवारी रुजू व्हायचं होतं. राहिली होती फक्त पडताळणी: जुन्या कंपनीकडे चौकशी, पीएफची नोंद, आणि पत्त्याची खात्री करायला घरी येणारा माणूस.

माणूस आला बुधवारी. मी नेमकी मेडिकल तपासणीला गेलेली. आई-बाबा चिपळूणला, गावच्या घरी. दाराला कुलूप बघून त्याने शेजारचं दार वाजवलं. शेजारी कलावती काकू राहतात. काका गेल्यापासून एकट्याच.

गुरुवारी सकाळी एजन्सीतून संचिताचा फोन आला. माझी सगळी कागदपत्रं हीच मुलगी बघत होती. एरवी भरभर बोलणारी, पण त्या दिवशी तिला शब्द सापडेनात.

"मॅम, एक विचारू? तुम्ही सध्या दुसरीकडे जॉब करताय का?"

"काय?"

"तुमचा रिपोर्ट रेड आलाय. वाचून दाखवते." तिने घसा साफ केला. "शेजाऱ्यांच्या माहितीनुसार उमेदवार सध्या पूर्ण वेळ नोकरीत आहे. मोठी कंपनी, पगार लाखाच्या वर, एक दिवस रजा घेत नाही. वय अठ्ठावीस. स्वभाव शांत. पुरणपोळ्या उत्तम करते."

मी तेहेतीस वर्षांची आहे. पुरणपोळी मला लाटता येत नाही. स्वभावाचं तर बोलायलाच नको.

संचिता म्हणाली, "पीएफचं रेकॉर्ड क्लीन आहे मॅम, मला माहितीये. पण हल्ली दोन-दोन जॉब करणारे इतके सापडलेत ना, की क्लायंट ऐकतच नाही. उद्या चारपर्यंत क्लॅरिफिकेशन नाही आलं तर ऑफर कॅन्सल. आणि तुमचं स्टेटमेंट नाही चालणार. ज्यांनी सांगितलं त्यांनीच इथे येऊन, आधार कार्ड दाखवून, कॅमेऱ्यासमोर बोलायला लागेल."

फोन ठेवला आणि तशीच काकूंच्या दारात गेले. चप्पलही घातली नाही.

"अगं, स्थळाकडचा माणूस वाटला मला," काकू म्हणाल्या. "मुलगी किती वर्षं राहते, वागायला कशी आहे, काय करते... एवढं खोदून दुसरं कोण विचारतं? चहा दिला, पोहे दिले. तोही बिचारा सगळं लिहून घेत होता."

"आणि तुम्ही खोटं सांगितलंत!"

"स्थळाला थोडं वाढवूनच सांगतात गं."

यावर हसायला हवं होतं. मी ओरडले. माझ्या आयुष्यात नाक खुपसायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, असं म्हणाले. मग वर हेही म्हणाले, "अकरा महिने मी घरात कुढत होते तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता आलात माझं भलं करायला!"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी दार लावून घेतलं, तेही आवाज न करता.

घरी येऊन बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. माझी नोकरी ज्या एका माणसाच्या शब्दावर अडकली होती, त्याच माणसाला मी नको ते बोलून आले होते. आता कुठल्या तोंडाने म्हणू, चला माझ्याबरोबर आणि परक्या माणसांसमोर कबूल करा की मी खोटं बोलले? ज्या बाई दूधवाल्याने चुकून जास्त दिलेली पिशवी परत करायला दोन जिने उतरतात, त्यांना हे सांगायचं?

शुक्रवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात काकू. ठेवणीतली नारायणपेठ, केसांना तेल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड.

"कुठे जायचंय म्हणालीस?" एवढंच विचारलं.

मी नीट सांगितलं नव्हतंच. ताडताड बोलण्याच्या नादात काल कधीतरी 'उद्या चारपर्यंत, आधार कार्ड, कोपरी' असं काहीतरी बोलून गेले असेन. वाटेत माफी मागायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा ओठापर्यंत येऊन राहिलं.

एजन्सीचं ऑफिस म्हणजे कोपरीतल्या एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, दोन खोल्या. संचिताने काकूंना खुर्ची दिली, मोबाईल समोर उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मी कलावती. बुधवारी आलेल्या माणसाला मी खोटं सांगितलं," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं स्थळाची चौकशी आहे. ही मुलगी गेल्या जूनपासून घरीच होती. तिचा काही दोष नाही."

संचिताने कागदावर बघत विचारलं, "काकू, हे पण विचारावं लागतं. त्या घरीच होत्या, दुसरीकडे काम करत नव्हत्या, हे तुम्ही कशावरून सांगता?"

काकू क्षणभर माझ्याकडे बघून परत कॅमेऱ्याकडे वळल्या.

"मी ब्लाऊज शिवते. माझं मशीन आणि हिचं टेबल, मधे एक भिंत. बोलणं मला कळत नाही, इंग्रजी असतं. पण इंटरव्ह्यू असला की हिचा आवाज बदलतो. शाळेत कविता म्हणतात ना, तसा. तो आवाज आला की मी मशीन बंद करते. एकोणतीस वेळा बंद केलं. एकदा तर सव्वादोन तास. त्या दिवशी एका नवऱ्यामुलीचा ब्लाऊज राहिला, तिची आई मला वाट्टेल ते बोलून गेली. इंटरव्ह्यू झाला की ही लगेच भांडी घासायला घेते. आदळून आदळून. भांडी वाजली की मला कळायचं, याही वेळी नाही. मग मी पाच मिनिटांनी मशीन सुरू करायची."

संचिताचं पेन थांबलं होतं.

"या महिन्यात एकदा इंटरव्ह्यू झाला आणि भांडी वाजलीच नाहीत. मी बसून राहिले वाट बघत. अर्धा तास गेला तरी काही नाही. तेव्हा समजले, मिळाली. म्हणून त्या माणसाला म्हटलं नोकरीत आहे. मिळालीच होती ना? मधले अकरा महिने परक्या माणसाला कशाला सांगायचे? ते तिने काढलेत, तिलाच माहीत कसे काढले."

मी माझे इंटरव्ह्यू मोजले होते. माझ्या यादीत सव्वीस आहेत. तीन मी विसरले होते.

संचिताने रेकॉर्डिंग बंद केलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि म्हणाली, "काकू, पाणी देऊ?"

क्लायंटचं उत्तर येईपर्यंत आम्ही स्टेशनजवळच्या हॉटेलात इडली खात बसलो. अडीच वाजता संचिताचा मेसेज आला: क्लिअर, सोमवारी साडेनऊला कोलशेत. मी काकूंना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि वेटरला सांगितलं, चटणी आण.

"काकू, मी काल जे बोलले ना..."

"अगं, जाऊ दे. पोळ्यांचं मी जरा जास्तच सांगितलं."

"ते नाही. मी म्हणाले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला खरंच वाटत होतं मी एकटी आहे. रोज वाटायचं. तुम्ही पलीकडे बसून ऐकत होतात, काम सोडून, आणि मला एकदाही कळू दिलं नाहीत. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"उपकार कसले? बटण दाबायचं, एवढंच तर होतं."

मी देवळातसुद्धा नुसते हात जोडणारी बाई. उठले आणि भर हॉटेलात, दोन टेबलांच्या मधल्या ओल्या फरशीवर, काकूंच्या पाया पडले.

"अगं अगं, हे काय, लोक बघतायत!" काकूंनी पाय आत ओढून घेतले.

मी ते सोडले नाहीत.