नळासाठी मोजलेली घरं

मी मोजणीचा जीपीएस बोलतोय. हातात मावणारा, पिवळ्या रंगाचा. मी कुठे आहे, हे मला आभाळातल्या उपग्रहांमुळे कळतं. त्या जागी काय आहे, हे कचेरीतल्या संगणकावरचा नकाशा जाणतो. आम्हा दोघांची सोयरीक जुळली आणि एका वस्तीचं नशीब फुटलं.

मी पाणीखात्यात आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. मोजणीदार बाई मला टेकडीखालच्या वस्तीत घेऊन गेल्या. दारोदारी नळ द्यायचा होता, म्हणून घर न् घर टिपायचं होतं. गल्ल्या इतक्या अरुंद, की वरचे पत्रे एकमेकांना टेकलेले. आभाळ दिसलं नाही की मी आंधळाच. मग शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी आपली शिडी आणली, बाईंना छपरावर चढवलं आणि खाली शिडी धरून उभ्या राहिल्या.

"माझं घर नीट टिप गं बाई, नाहीतर नळ जायचा शेजारणीच्या दारात!"

"नाही चुकणार, मावशी," बाई हसल्या.

मी खरंच चुकलो नाही.

कचेरीत माझे ठिपके नकाशावर बसले. नकाशाला थर असतात. उताराचा, वाटांचा, जलवाहिन्यांचा. हवा तो दाखवावा, नको तो झाकावा. नवे साहेब आले, त्यांनी जलवाहिन्या झाकल्या आणि होऊ घातलेला रस्ता वर आणला.

"आड येणारी घरं दाखवा."

क्षणात ठिपके लाल झाले.

"साहेब, हे पाण्यासाठी मोजलंय. मी लोकांना शब्द दिलाय," बाई म्हणाल्या.

"मोजलंय ना? मग झालं तर."

पाडायच्या घरांवर खुणा करायला जायला बाईंनी साफ नकार दिला. त्यांची बदली झाली. दुसरा माणूस मला आणि रंगाचा डबा घेऊन निघाला. मला पाहताच मावशी हरखल्या. "नळवाले आले गं!" म्हणत त्यांनी आपण होऊन शिडी आणली. त्यानं ती घेतलीसुद्धा. खाली उतरून त्यांच्याच भिंतीवर फुली मारली.

"ही नळाची खूण का रे बाबा?"

"हो," तो म्हणाला, त्यांच्याकडे न बघता.

त्या फुलीजवळ मावशींनी भिंतीला टेकून रिकामी बादली ठेवली.

रस्ता झाल्यावर मला एकदा तिथे नेलं होतं. मावशींच्या दाराची जागा मी बिनचूक दाखवली. तिथून गाड्या धावत होत्या. साहेबांना बढती मिळाली. मी आता कपाटात आहे, बॅटरी काढलेला.

तुमच्या दारात कोणी मोजायला आलं, तर आधी विचारा, कशासाठी? उत्तर देताना तो तुमच्याकडे बघतो का, तेही पाहा.

मावशी कुठे गेल्या, ते मात्र कोणी मला टिपायला सांगितलं नाही.