खालच्या तीन ओळी

कानडी मुलखातल्या बसवनगुडीच्या हेमलतेला लॅटिनचे वेड लागले होते, आणि ते उतरवण्याचा विडा तिला लॅटिन शिकवणाऱ्या फादर आर्नो यांनी उचलला होता. सन १९५८. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या एका बड्या रोमन अधिकाऱ्याच्या पत्राच्या सात तुकड्यांचे फोटो त्यांनी तिच्यापुढे टाकले.

"पंधरा दिवसांत काही नवं सांगितलंत तर संशोधनाची जागा तुमची. नाहीतर घरी बसा."

जागा एकच होती. फादरनी ती मनातल्या मनात दुसऱ्याला देऊनही टाकली होती.

हेमलता घाबरली नाही. हात न उचलता, शब्दांत जागा न सोडता लिहिलेली ती अक्षरे पाहून इतरांना घाम फुटे. तिला ती घरचीच वाटली. तिचे अण्णा, जयसिंगराव, दर रविवारी पेटीतली मोडी पत्रे उन्हात घालत आणि वाचायला तिलाच बसवत.

त्या सवयीनेच तिचा घात केला. मोर्तब, म्हणजे अखेरचा शिक्का, नसलेले पत्र पुरे कसे? आठवडाभर ती आठवा तुकडा शोधत राहिली.

"रोमन लोक पेशव्यांचे कारकून नव्हते," फादर म्हणाले.

टोमणा झोंबला. आता नसलेले शोधायचे सोडून ती असलेले पाहू लागली. वरचा मजकूर मोत्यासारखा होता, खालच्या तीन ओळी म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यांत लिहिले होते, 'भाऊ, लवकर ये. करमत नाही.' ते वाचून तिला अण्णांच्या पेटीतली पत्रे आठवली, आणि हसू आले.

पंधराव्या दिवशी तिने सांगून टाकले, "वरचं अक्षर कारकुनाचं. खालचं धन्याचं."

"इतकं घाणेरडं? एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचं?"

"मोठा म्हणूनच, फादर. रोज लिहून हात वळतो तो कारकुनाचा. आमच्याकडचे सरदारही सगळं पत्र लिहवून घ्यायचे आणि जवळच्या माणसाला शेवटी दोन ओळी आपल्या हातानं घालायचे. त्या अश्शाच असतात. आणि 'करमत नाही' असं मालकाच्या भावाला नोकर कशाला लिहील?"

फादरनी भिंग धरून त्या तीन ओळी पुन्हा पाहिल्या. दोन वर्षांपूर्वी छापून आलेल्या लेखात त्यांनी त्या ओळींना 'नोकराचा आगाऊपणा' म्हटले होते. त्यांचे कान लाल झाले. तरी माणूस सच्चा. त्यांनी तिचा अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

"जागा तुमची. पण आता माझ्या लेखाविरुद्ध लिहावं लागेल. जमेल?"

"सरी," असा कानडीत होकार देत हेमलतेने पिशवीतून चार पाने काढली. "लिहून आणलंय. एवढंच विचारायचं होतं. तुमचं नाव कुठं घालू? चुकलेल्यांत की आभारांत?"

फादरनी पाने शेवटपर्यंत वाचली.

"दोन्हीकडं घाला," ते म्हणाले.