बटण नसलेला

मी बडबड्या बोलतोय. हे नाव प्रयोगशाळेच्या सरांनी ठेवलं, तेही चिडून. कागदोपत्री मी प्रमोटर, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या डीएनएचा सहा-सातशे अक्षरांचा तुकडा. जनुकाच्या पुढ्यात बसायचं आणि "हे वाच, हे बनव" म्हणत राहायचं, हा माझा धंदा. पेशी जिवंत आहे तोवर माझं तोंड चालूच.

मी मूळचा साखर पचवणाऱ्या एका जनुकाच्या दाराशी. तिथून ताईंनी मला उचललं आणि एका औषधी प्रथिनाच्या जनुकापुढे बसवलं. ताई म्हणजे सरांच्या हाताखाली पाच वर्षं खपलेली विद्यार्थिनी.

कबूल करतो, पहिल्या झटक्यात माझा अतिरेक झाला. इतकं प्रथिन बनवायला लावलं की पेशींना धाप लागली, त्यांची वाढ खुंटली. सर म्हणाले, "याला बटण नाही. फेकून द्या." ताईंनी फेकलं नाही, माझी काही अक्षरं बदलली. आवाज खाली आला. राग आला मला, पण तोंड शाबूत राहिलं.

तरी सरांनी नवा जावई आणलाच, बटणवाला प्रमोटर. गॅलॅक्टोज नावाची साखर दिली की बोलणार, ग्लुकोज दिसलं की चिडीचूप. त्याचं कोण कौतुक! मला नुसतं तुलनेसाठी शेजारच्या चंबूत ठेवलं. शुक्रवारी परीक्षक येणार होते. प्रथिन दिसलं नाही तर ताईंचं काम तिथेच बंद होणार होतं.

गुरुवारी सकाळी सरांनी स्वतःच दोन्ही चंबूंत साखर घातली. पांढऱ्या भुकटीच्या दोन बरण्या शेजारीशेजारी, आणि सरांचा चष्मा कपाळावर. हात नेमका ग्लुकोजच्या बरणीत गेला. जावईबापू रुसले ते रुसलेच. मी आपलं काम करत राहिलो.

शुक्रवारी प्रथिन दिसलं ते फक्त माझ्या चंबूत. ताईंचं काम वाचलं. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बरणीवरचं लेबल दोनदा वाचलं आणि पुटपुटले, "पण याला थांबवता येत नाही."

"म्हणूनच ठेवतेय, सर," ताई म्हणाल्या.

आता उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, माझ्या पेशींसकट एका इवल्याशा नळीत आहे मी. झाकणावर ताईंच्या अक्षरात 'बडबड्या' लिहिलंय. इथे मीही गप्प आहे, थंडीपुढे कोणाचं चालतं? पण याला बटण समजू नका. बाहेर काढाल तेव्हा ऊब द्या, बास. सुरू करू का, असं मी कुणालाही विचारणार नाही.