ढगळ पाय

"दुखतंय," बसचालक म्हणाला.

"दुखणारच," मिस्तरी म्हणाला. "कुठे दुखतंय ते सांगा."

निवृत्त बसचालकाने नव्या कृत्रिम पायावर भार टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवलं. मिस्तरीचा चेहरा खुलला.

"तिथे ना? मग झकास. तिथे दुखायलाच पाहिजे. खाली हाडाच्या टोकाला दुखलं तर मला सांगा, मी हा पाय फोडून दुसरा करीन. वाटीखाली दुखलं तर घरी जाऊन बायकोला सांगा."

बसचालक हसला, आणि हसता हसता त्याने दोन पावलं टाकली.

कृत्रिम पाय करणाऱ्या त्या कार्यशाळेत मिस्तरीचे केस पांढरे झाले होते, निम्मे वयाने आणि निम्मे प्लास्टरने. माणूस पाऊल टाकतो तेव्हा जमीनही त्याला तेवढ्याच जोराने वर ढकलते, आणि तो जोर शरीराला कुठेतरी घ्यावाच लागतो. तो कुठे घ्यायचा हे ठरवणं म्हणजे मिस्तरीचं काम. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून माप घ्यायचं, त्या मापातून प्लास्टरचा भरीव पाय काढायचा आणि मग कानस घेऊन बसायचं. जिथे मांस दाब सोसतं तिथे प्लास्टर खरवडायचं, म्हणजे वर चढणारं सॉकेट, उरलेला पाय ज्यात बसतो तो कप्पा, तिथे आवळून बसतं. जिथे कातडीखाली लगेच हाड आहे तिथे थोडं प्लास्टर चढवायचं, म्हणजे तिथे जागा सुटते. खरवडण्यात ज्याचा हात कचरला, त्याने धंदा बदलावा, असं मिस्तरी शिकाऊ लोकांना सांगत असे. त्यांच्यातली एकच टिकली. ती आता त्याच्या बरोबरीची कारागीर होती आणि माप घेताना अंगठे असे रोवायची की लोकांनी तिचं नाव रोलरबाई ठेवलं होतं.

मागच्या वर्षी रस्ता ओलांडताना मिस्तरीच्या बायकोच्या डाव्या पायावरून ट्रकचं मागचं चाक गेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मिस्तरीने पहिला प्रश्न विचारला, "गुडघा वाचला का?" तो वाचला होता. गुडघा वाचला की पुढचं सगळं जमतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण ती शुद्धीवर आली का हे आपण आधी विचारलं नाही, याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर खडूने आखायचं आणि मशीन धरून दिवसभर उभ्याने कापत जायचं. तिने आखलेला खांदा कधी चुकत नसे, त्यामुळे मॅनेजरने टेबल तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. पण कारखाना काही कोणासाठी थांबत नाही. "वर्षअखेरीपर्यंत उभ्या राहिलात तर टेबल तुमचं," त्याने निरोप धाडला होता, "नाहीतर बटणांच्या खोलीत खुर्ची आहे."

"खुर्चीत त्यालाच बसू दे," बायको म्हणाली होती.

तिचा पाय मिस्तरीने स्वतः केला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आत सगळीकडून गुळगुळीत, कुठे टोचणार नाही, कुठे रुतणार नाही असा. घालून दाखवला तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही. कार्यशाळेत जो तो म्हणाला, नशीबवान आहे बाई, घरातच कारागीर. मिस्तरीची छाती फुगली. ती चालताना थोडी डगमगत होती, पण होईल सवय, असं त्याने स्वतःला आणि इतरांना सांगून ठेवलं.

मग एका संध्याकाळी तो घरी आला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. दोरीवर मोजे वाळत होते. उरलेल्या पायावर चढवायचे ते पांढरे, लोकरीचे, बिनबोटांचे मोजे. माणसाने एक घालावा. सॉकेट जरा सैल झालं तर दुसरा. इथे तर दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजेच मोजे होते.

"हे सगळे तू एकदम घालतेस?" त्याने आत येऊन विचारलं.

"नाही," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "एकेकाला आळीपाळीने फिरायला नेते."

"थट्टा करू नकोस. कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? इतक्या कौतुकाने घालून दाखवलात. तुमचं तोंड बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. "अहो, मी जन्मभर कापड कापलंय. ढगळ कशाला म्हणतात ते मला कळतं. मी पाय मागितला होता. तुम्ही मला गाऊन शिवलात."

मिस्तरीला आधी हसू आलं. मग तिने पाय उतरवून दाखवला आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. हाडाच्या टोकाशी कातडी लालभडक होऊन सोलली होती. सॉकेट सैल असलं की पाय आत घसरतो आणि सगळं वजन त्या टोकावर येतं. हे शिकाऊ पोरांनाही पहिल्या महिन्यात कळतं. आणि आपल्याच घरात, आपल्याच हाताने आपण हे केलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जखम भरल्यावर तो तिला कार्यशाळेत घेऊन गेला. तिथल्या लांब खोलीत जमिनीत एक पट्टी बसवलेली होती. तिच्यावरून चाललं की कोणता पाय किती जोराने टेकतो, ते पडद्यावर उमटायचं. बायको पट्टीवरून गेली. उजव्या पायाचा डोंगर उमटला. डाव्याचं नुसतं टेंगूळ. रोलरबाई पडद्याकडे बघत होती. तिने त्या टेंगळावर बोट ठेवलं, आणि ते मिस्तरीला लागलं.

त्याने नव्याने माप घ्यायला घेतलं. ओली पट्टी गुंडाळली, वाटीखाली दोन्ही अंगठे टेकवले आणि दाबले. बायकोने जोरात श्वास आत ओढला. अंगठे आपोआप सैल पडले. "झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा पाय शिकंज्यात अडकवून तो कानस घेऊन बसला. वाटीखाली एक बारीकसा खळगा उमटला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला सायकल शिकवत होता, तेव्हाची ती खूण. त्याने मागून हात सोडला होता आणि ती दगडावर पडली होती. उठून आधी त्याला एक धपाटा घातला आणि मग रडली होती. कानस चालवायची ती नेमकी तिथेच. मिस्तरीने दोनदा घासलं आणि थांबला. मागच्या वेळीही आपण या जागेला वळसा घालून गेलो होतो, हे त्याला तेव्हा आठवलं.

"किती घेतलं?" रोलरबाई शेजारी येऊन उभी राहिली होती.

"पुरेसं."

तिने प्लास्टरवर अंगठा ठेवून पाहिला. "मिस्तरी, बसवाल्या काकांचं घेतलंत त्याच्या निम्मंही नाही हे."

"बाईमाणसाचा पाय आहे."

"मग? बाईमाणूस म्हणून जमीन हळू ढकलते का?"

"तुला कानस धरायला मी शिकवलं," मिस्तरीचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं मान वर करून बघायला लागली. "मला शहाणपणा शिकवू नकोस."

"तुम्ही शिकवलं म्हणूनच बोलतेय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वर्षअखेर जवळ आली. वहिनींना खुर्चीत बसवायचंय का तुम्हाला?"

मिस्तरीने पुन्हा कानस उचलली. हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. हजार माणसांची हाडं, मांस, आरडाओरडा या हाताखालून गेला होता. हा एक गुडघा जाईना. थोड्या वेळाने त्याने कानस उलटी फिरवली आणि मूठ तिच्यापुढे धरली.

"घे. तूच कर. माप पण नवीन घे, हे काही कामाचं नाही. मी दाबलंच नव्हतं."

घरी त्याने बायकोला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं.

"तुमच्याने होत नाही?"

"नाही होत."

"सगळ्या गावाचे केलेत की."

"गावाचे केले. तुझा नाही होत."

"बरं," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते त्याला कळेना. पण जेवताना तिने त्याच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली, आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

माप घ्यायच्या दिवशी मिस्तरी बाहेरच्या मोरीपाशी घमेली धूत बसला. धुवायला दुसरी माणसं होती, पण कोणी त्याला उठवलं नाही. आतून बायकोचा आवाज आला, "आई गं! अगं, सोड!" आणि मागोमाग रोलरबाईचा, "हलू नका वहिनी. श्वास घ्या. अजून थोडं." मिस्तरीने नळ पूर्ण सोडला. पाणी पत्र्यावर धाडधाड आपटायला लागलं, तेव्हा कुठे आतलं ऐकू येईनासं झालं. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर पाणी उडतच होतं, त्यामुळे पुसायची गरज पडली नाही.

नवा पाय आला तो एका मोज्यावर बसला. बायकोने पहिल्या दिवशी रोलरबाईला शिव्यांची लाखोली वाहिली. "मेली, माणसाचा पाय करतेस की उसाचा रस काढतेस?" दुसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. आठवड्याने ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, दोन्ही पायांवर, आणि आपण उभ्या आहोत हे तिच्या लक्षातही नव्हतं. मिस्तरी दारातून बघत होता. त्याने तिला हाक मारली नाही.

ठरलेल्या सकाळी दोघं कारखान्यापाशी बसमधून उतरली.

"तुम्ही इथेच थांबा," बायको म्हणाली. "फाटकापर्यंत आलात तर पोरी दिवसभर चिडवतील."

"पट्टे नीट आवळलेस ना?"

"आवळले."

"दुपारी जरा बसून..."

"अहो, जा कामावर," ती म्हणाली आणि निघाली. समोरून दुसऱ्या बसमधल्या बायका आल्या. सगळ्यांच्या अंगावर तिच्यासारखेच निळे एप्रन. कोणीतरी ओरडून तिला मिठी मारली, दुसरीने डबा हातातून घेतला आणि तो सगळा घोळका बोलत बोलत फाटकाकडे सरकला.

मिस्तरीने तिला चालीवरून शोधायला सुरुवात केली. कृत्रिम पायावर चालणारं माणूस त्याला भर बाजारात पाठमोरं ओळखू यायचं. खांदा जरा कलतो, कंबर उचलली जाते, एक हात दुसऱ्याहून जास्त हलतो. त्याने एकेक डावा पाय बघितला. एक बाई किंचित लंगडत होती, पण ती भलतीच उंच होती. भोंगा वाजला. पावलं भरभर आत गेली, आणि त्यांतली तिची कोणती हे शेवटपर्यंत त्याला सांगता आलं नाही.

पाय उत्तम झाला होता. असा त्याच्या हातून झाला नसता.

रखवालदाराने फाटक ओढून घेतलं आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून विचारलं, "कोण पाहिजे, काका?"

"कोणी नाही," मिस्तरी म्हणाला. "बायको कामावर गेली माझी."