बाहेरची जागा

डिसेंबरात वादळाचा इशारा आला आणि खंडू तांडेल वैतागला. "ऐन थंडीत कसलं वादळ!" पण भोंग्याची रिक्षा गल्लीबोळांत फिरली, शाळेच्या खोल्या मोकळ्या झाल्या, आवडाबाईने तर स्वतःबरोबर शेजारणींचेही वाळत घातलेले बोंबील आत नेले. खंडूने सगळ्यांआधी बोट खाडीत आणली आणि काठालगतची जागा धरली. पहिला येईल तो आत, शेवटचा येईल तो बाहेर वाऱ्याच्या तोंडी, हा बंदराचा नेम.

सगळ्यांत शेवटी केरळची एक बोट आली. तिला आत घ्यायला काठावरच्या बोटी दोर सोडू लागल्या. खंडू भडकला.

"नेम म्हणजे नेम! शेवटी आले ना? राहू देत बाहेर!"

"काका, त्यांना ही खाडी नवीन," पुतण्या अजिंक्य म्हणाला. "दोर तुटला तर खडक कुठं ते त्यांना कळायचंसुद्धा नाय."

खंडूने बंदरातल्या एकेकाच्या नावाने खडे फोडले आणि फोडता फोडताच आपला दोर सोडला.

संध्याकाळी वाऱ्याचा पहिला तडाखा बसला तो सगळ्यांत बाहेरच्या बोटीला. त्या आपल्या बोटीच्या सुकाणूपाशी बसून खंडू अजून शिव्या देत होता.