‘खोड’ लिहिले, खोडवा आला

सन २०२२, फेब्रुवारी महिना. दोन अक्षरी एका शब्दाने तेव्हा माझा जीव घेतला होता. पण मी मेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

मित्रांनो, मी एक जुनी फांदी आहे. आंब्याची नाही, चिंचेचीही नाही. आष्ट्याला खतांच्या दुकानावरच्या माडीत एक लहानसे ऑफिस आहे. कालव्याच्या पाण्याची पाळी मोबाइलवर कळवणारा प्रोग्राम तिथे तयार होतो. तो ज्या सामायिक कोठारात साठवतात, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. मुख्य, चालू प्रोग्राम म्हणजे खोड. नवे काम करायचे, तर खोडाला धक्का न लावता त्याची नक्कल काढून वेगळे करतात. ती फांदी. काम जमले, की फांदी खोडात मिसळतात.

मला मायाने जन्म दिला. माया कवठे महांकाळकडची, मेंढपाळांच्या घरातली. खोडातून ऊसवाल्यांना लेखी निरोप जायचे. मायाची आई बयाबाई, तिला मात्र वाचता येत नव्हते.

"तुमचा फोन नुसता वाजतुया, बोलत कुठं हाय? मेंढरं घिऊन जावं तवर पाणी येऊन गेल्यालं असतंय," ती म्हणाली.

मग मायाने निरोप बोलका करायचे ठरवले. आवाज आईचाच घेतला. "पाणी सुटलंय बायांनो, मेंढरं हाका!" दोन वर्षे माया माझ्यात खपत होती. माझे नाव तिने ‘कवठे’ ठेवले.

कोठारात मात्र नुसता पसारा. एक फोल्डर ‘फायनल’, दुसरा ‘नवीन फायनल’, तिसरा ‘हेच फायनल’. फांद्या एकेचाळीस. तो आवरायला व्यवस्थापक लालासाहेब पुढे आले. ते रहिमतपूरचे, फौजेत स्टोअर सांभाळून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"फौजेत अंधारात हात घातला तरी बूट घावायचा. हितं दिवसाढवळ्या काय घावना!" म्हणत त्यांनी स्टोअरसारखी यादी केली. प्रत्येक फांदीपुढे तिची जागा लिहिली. कुणापुढे ‘पाळी’, कुणापुढे ‘जुने’. माझ्यापुढे ‘खोड’. सोमवारपासून पूर्वेच्या सात गावांना माझे निरोप जाणार होते, म्हणून माझी जागा खोडात.

यादी ऋषिराजच्या हाती गेली. तो नवा, आष्ट्याचाच. त्याने ‘खोड’ वाचले आणि मला खोडून टाकले. प्रत्येकाच्या संगणकावर माझी एकेक नक्कल असते; त्याने स्वतःचीही पुसली आणि सगळ्यांना कळवले, "कवठे फांदी खोडली आहे. तुम्हीही खोडा." ऑफिसातल्या सगळ्यांनी खोडली.

शनिवारी लालासाहेबांनी कोठार उघडले.

"कवठे कुठं हाय रं?"

"खोडली की साहेब. तुमीच लिवलंय, खोड."

"आरं गड्या, खोडात घाल म्हणून लिवलं हुतं!"

"मग तसं लिवायचं न्हवं! फौजेत शाई मोजून देत्यात व्हय?"

लालासाहेबांनी मायाला फोन लावला. ती गावी गेली होती, आणि उरली असली तर एकच नक्कल तिच्या लॅपटॉपवर उरली होती.

"माया, तू बी खोडलीस का गं?"

"न्हाई साहेब. निरोप आला हुता. पर यादी कुणाची बी असू द्या, मला इचारल्याबिगार मी न्हाई खोडायची. आईचा आवाज हाय त्यात."

मागून बयाबाई ओरडली, "कोण खोडतंय गं मला? आजून जित्ती हाय म्हणावं!"

घरात बोलण्यापुरतीच रेंज होती. माया लॅपटॉप घेऊन टेकाडावर चढली आणि तिथून तिने मला परत कोठारात धाडले. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला आमच्याकडे खोडवा म्हणतात. लालासाहेबांनी त्या दिवशी माझे नाव बदलले. आता मी ‘खोडवा’. रविवारी मला खोडात मिसळले आणि सोमवारी सातही गावांत बयाबाई बोलली.

लालासाहेब आता रहिमतपूरला घरीच असतात. बियाण्याच्या डब्यावरसुद्धा पूर्ण वाक्य लिहितात. ऋषिराज पुण्याला नोकरी करतो आणि काहीही पुसण्याआधी दोघांना विचारतो. माया ते ऑफिस चालवते. बयाबाई गेल्या वर्षी वारली. पण ऊसवाल्यांनीही बोलका निरोप मागून घेतला. त्यामुळे ज्यांच्या शेतात मेंढरू नाही, तेही दर पाळीला ऐकतात, "मेंढरं हाका!" ते हसतात. हसू देत.

मिसळून झालेली फांदी काढून टाकायची रीत मला ठाऊक आहे. दर वर्षी कोणी नवा येतो, माझ्यावर बोट ठेवतो. माया म्हणते, "तिला हात लावायचा न्हाई."

मित्रांनो, पसारा जरूर आवरा. पण खोडण्याआधी आत कोण बोलते आहे, ते एकदा ऐका. माझे म्हणाल, तर यादीत माझ्यापुढे काहीही लिहा.

आजून जित्ती हाय म्हणावं!