मेलं न्हाय, निजलंय

साहेब, खोटं लिहिलंत तुम्ही. वैशाखात भर उन्हात वनखात्याच्या जीपमधून उतरलात, दहा पावलं चाललात, कागदावर ‘ओसाड, निरुपयोगी’ असं खरडलंत आणि काचा वर करून निघून गेलात.

मित्रांनो, ज्याला ओसाड म्हटलं तो मी. तामलवाडीच्या माळावरचा कुसळी गवताचा जुना ठोंब. इथं वीतभर माती, खाली नुसता मुरूम, आणि पाऊस लहरी. अशा जागी जगायला अक्कल लागते. माझी मुळं मुरमाच्या फटींत खोल उतरलीत. ऊन तापलं की मी वरचं सगळं वाळवून टाकतो आणि जीव खाली मुळांत नेऊन ठेवतो. वणवा आला तरी वरचंच जळतं. माझ्या बीला मागं शेपटीसारखं लांब कुसळ असतं. ओल लागली की ते पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं, आणि असं फिरत फिरत टोकदार बी स्वतःच जमिनीत घुसतं. कुणी पेरायला नको, कुणी पाणी घालायला नको. वैशाखात मी मेलेला दिसतो. नुसता दिसतो.

हे मुक्ताबाईला ठाऊक आहे. तिच्या सहा शेळ्या माझ्या कोवळ्या पात्यांवरच वाढल्या. ती तेव्हाच म्हणाली होती, “साहेब, मेलं न्हाय ते. निजलंय.”

“बाई, इथं जंगल करायचंय. गवत म्हणजे कचरा.”

मग मशीन आलं. माझे निम्मे भाऊबंद मुळासकट उपटून खड्डे पाडले. त्यांत रोपं पुरली, तीही प्लास्टिकच्या पिशवीसकट! भोवती तार ओढली, शेळ्या बाहेर. श्रावणात मी गुडघाभर हिरवागार उभा होतो, तेव्हा बघायला कुणी फिरकलं नाही. दसऱ्यापर्यंत रोपांच्या काड्या झाल्या. दोष कुणाचा? माझा! मी म्हणे त्यांचं पाणी प्यालो.

आज साहेब पुन्हा आलेत. मागं गावातला उत्तरेश्वर, पाठीवर तणनाशकाचा पंप. मुक्ताबाई तारेतून आत घुसली आणि माझ्यापुढं फतकल मारून बसली.

“उत्तरेश्वरदादा, तुमच्या म्हशी काय शिमिट खाऊन वाढल्या व्हय?”

“मला कशाला म्हणता? साहेबास्नी सांगा,” तो खाली बघत पुटपुटला.

साहेब वाकून मोज्यांतली कुसळं उपटत होते. एक काढलं की दुसरं टोचत होतं.

“लई चिवट जात हाय, साहेब,” मुक्ताबाई म्हणाली. “तुमचं मोजं सोडंना, माळ कसा सोडंल?”

उत्तरेश्वर फिसकन हसला. साहेब लालबुंद झाले. “बघतोस काय? मार फवारा!”

मित्रांनो, उन्हावर, वणव्यावर, शेळीच्या दातांवर माझ्याकडं तोड आहे. ती माझ्या वाडवडलांनी पिढ्यान्‌पिढ्या झिजून शिकून ठेवली. हे औषध मात्र पात्यातून थेट मुळांत उतरतं. जिथं मी जीव लपवतो, तीच जागा गाठतं. यावरची तोड शिकायला मला सवड कुणी दिली?

उत्तरेश्वरनं नळी उचलली आहे, पण पंपाचा दांडा अजून हलवलेला नाही. मुक्ताबाई उठत नाही. तिच्या शेळ्या तारेला तोंड लावून उभ्या आहेत.

साहेब, निजलेल्याला मेला म्हणून लिहिलंत. श्रावणात का आला नाहीत? मोजे नंतर साफ करा. आधी उत्तर द्या.